फुग्यांशिवायची चित्रपट्टी: टोंडर यांच्या पद्धतीने

डच वृत्तपत्रांत बरीच वर्षं एक वेगळी चित्रपट्टी गाजली. तिच्यात संवादाचे फुगे नसत, चित्रांखाली सलग गोष्ट छापलेली असे. तिचे थोर कलाकार मार्टेन टोंडर (१९१२–२००५). त्यांचं टॉम पूस हे पांढरं मांजर १९४१ मध्ये ‘दे टेलेग्राफ’मध्ये आलं, त्याच वर्षी चौकड्यांचा कोट घालणारं बोमेल अस्वलही. मधले खंड धरून ही पट्टी १९८६ पर्यंत चालली.

कोल्हापूरच्या विषयांना हा प्रकार फार शोभतो, कारण अख्खी चौकट चित्राला मिळते आणि खाली बोलीला मोकळं रान.

अशी पट्टी काढायची तर छपाईची रुंदी २४ सेंमी धरा आणि मूळ चित्र दीडपट, म्हणजे ३६ सेंमी काढा. मध्ये ९ मिमीच्या दोन फटी सोडल्या की ११.४ सेंमीच्या तीन चौकटी बसतात. उंची १०.५ सेंमी. कागद गुळगुळीत आयव्हरी घ्या; कार्ट्रिजवर निब तंतू उचलते आणि शाई फुटते.

मजकूर आधी लिहा. प्रत्येक चौकटीखाली ३५ ते ४० शब्द, १० पॉइंटात, ओळींचं अंतर १४ पॉइंट. ते कमी केलंत तर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला भिडतो.

सगळ्यात जास्त पट्ट्या बिघडतात त्या इथे: चित्रात दिसतं तेच खाली लिहिलं जातं. समजा गोष्ट तालमीतली आहे. वस्ताद कुस्तीच्या मातीच्या हौदाकाठी उभे आहेत हे चित्र सांगतंच. मजकुराने सांगावं, ‘वस्तादांनी पोराकडं बघितलंच नाही. “माती उकरून ठेव,” एवढंच म्हणाले, आणि पोराला कळलं, उद्याची कुस्ती रद्द.’ निवेदन प्रमाण मराठीत ठेवा, बोलणं मात्र तालमीतलंच हवं.

रोज काढायची पात्रं मोजक्या आकारांत बसवा. एकच ठळक खूण पुरते, बोमेलच्या कोटासारखी. मेहनत पार्श्वभूमीवर खर्च करा: रंकाळ्यात अर्धा बुडालेला संध्यामठ, वर पावसाळी आभाळ. ते आभाळ ब्रशने भरीव काळं करा. बारीक रेघांनी भरायचंच असेल तर दोन रेघांत किमान १ मिमी अंतर हवं; वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि दाट रेघांचा नुसता डाग होतो.

स्कॅन ६०० डीपीआयला, लाइन आर्टमध्ये, म्हणजे फक्त काळ्या-पांढऱ्यात करा. ग्रेस्केल, म्हणजे करड्या छटांचं स्कॅन पाठवलंत तर छपाईत रेषेच्या कडांना ठिपके पडतात.

पाठवण्याआधी ६७ टक्क्यांची झेरॉक्स काढून हातभर अंतरावर धरा. चेहरा ओळखू येत नसेल तर डोळ्यांभोवतीच्या रेषा कमी करा.