शार्डोने चाखताना किंमत झाकावी
मित्रमंडळींसह शार्डोने या पांढऱ्या वाइनची तुलना करायची असेल, तर स्वस्त, मध्यम आणि महाग अशा तीनच बाटल्या घ्याव्यात व त्या कागदात गुंडाळून त्यांवर केवळ क्रमांक घालावेत, कारण किंमत दिसली की जीभ तिच्याच बाजूने कौल देते. ७५० मिलिलिटरची बाटली ५० मिलिलिटरप्रमाणे १५ जणांना पुरते. वाइन १० ते १२ अंश सेल्सिअसला द्यावी; फ्रिजमधून काढल्याकाढल्या दिल्यास तिचा सुगंध दबतो आणि चांगल्या बाटलीवर अन्याय होतो. पेला हलकेच फिरवून आधी वास घ्यावा. फ्रान्समधील शाब्ली भागातल्या साध्या शार्डोनेमध्ये हिरवे सफरचंद व लिंबू जाणवते, तर नव्या ओकच्या पिंपात मुरलेल्या वाइनला व्हॅनिलाचा गंध येतो. लोण्याचा गंध मात्र लाकडाचा नसून, तीव्र मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्ल करणाऱ्या जिवाणूंमुळे येतो. प्रत्येकाने आपले मत लिहून ठेवल्यावरच कागद काढावेत.