बारावीनंतर प्रवेश: तुमची गुणपत्रिका समोरचा कशी वाचतो

निकालाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या ओसरीवर ठरलेला प्रश्न येतो. “सर, पोरीले ७८ टक्के हायेत, भेटन का कुठं?” मी उलट विचारतो, “कशाले?” बाप गप्प होतो, पोरगी पायाच्या अंगठ्याकडे पाहते. ७८ टक्के हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. बीएच्या यादीत तो भरभक्कम आहे. अभियांत्रिकीत त्यावर फक्त अर्ज करता येतो. वैद्यकीयला तर तो गुणवत्ता यादीत धरतच नाहीत. गुणपत्रिका तीच, पण प्रत्येक ठिकाणी वाचणारा तिचा वेगळा कोपरा वाचतो. तो कोपरा कुठला, हे कळलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं कागदपत्रांचं, आणि खेड्यातली पोरं बहुतेक तिथंच मार खातात.

पायरी १: आधी रस्ता ठरवा, मग टक्के मोजा

बीए, बीकॉम, बीएस्सी यांचे प्रवेश महाविद्यालय पातळीवर, बारावीच्या गुणांवर होतात. वेळापत्रक विद्यापीठाचं: नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया ही राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाची हद्द, अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशिम ही संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाची, चंद्रपूर आणि गडचिरोली २०११ साली झालेल्या गोंडवाना विद्यापीठाकडे. गुणवत्ता यादी लागते, पण तालुक्याच्या कला शाखेत जागा भरतच नसतील तर ती यादी नावापुरती. स्पर्धा असते ती शहरातल्या नामांकित महाविद्यालयांत.

अभियांत्रिकी, बीफार्म आणि कृषीसाठी एमएचटी-सीईटी, म्हणजे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा. बीएस्सी नर्सिंगची सीईटी वेगळी, पाच वर्षांच्या विधीची वेगळी. एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) मान्यता असलेल्या बीबीए, बीसीएलाही २०२४पासून सीईटी लागली, आणि “त्याले काय लागते, बारावीवर होते” म्हणणारे बरेच जण त्या वर्षी बाहेर राहिले. वैद्यकीय, दंत, आयुर्वेदाला नीट. नागपूरच्या व्हीएनआयटीला, म्हणजे केंद्राच्या अभियांत्रिकी संस्थेला, जेईई मेन, आणि त्यासोबत बारावीत ७५ टक्के (अनुसूचित जाती-जमातींना ६५) किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या २० पर्सेंटाइलमध्ये नाव (पर्सेंटाइल म्हणजे काय ते पायरी ३ मध्ये). केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा, सीयूईटी, २०२२पासून आहे. डीफार्मला सीईटी नाही, तिथे बारावीचे विज्ञान विषयांचे गुण चालतात. हा रस्ता लोक विसरतात.

सीईटीचे अर्ज निकालाच्या कितीतरी आधी, हिवाळ्यातच भरून होतात. मेमध्ये निकाल लागल्यावर ठरवू म्हणणाऱ्याचं वर्ष गेलं म्हणून समजा.

पायरी २: गुणपत्रिका विषयवार वाचा

एक उदाहरण मांडतो, आकडे माझे. खुल्या प्रवर्गातला मुलगा: इंग्रजी ७८, मराठी ८६, भूगोल ७२, गणित ४१, भौतिकशास्त्र ४७, रसायनशास्त्र ४६. एकूण ६०० पैकी ३७०, म्हणजे ६१.६७ टक्के. घरात पेढे वाटले. पण अभियांत्रिकीसाठी भौतिक, गणित आणि रसायन या तिघांची बेरीज लागते: १३४. ३०० पैकी ४५ टक्के म्हणजे १३५. एका गुणाने पोरगा अपात्र, मग सीईटीत ९० पर्सेंटाइल का असेना. राखीव प्रवर्गातल्या मुलाला ४० टक्के, म्हणजे १२० पुरले असते. रसायनाच्या जागी जीवशास्त्र धरता येतं; याने भूगोलाऐवजी जीवशास्त्र घेतलं असतं आणि त्यातही ७२ असते, तर बेरीज १६० झाली असती. अकरावीत विषय निवडताना हे कोणी सांगत नाही.

म्हणून गुणपत्रिका हातात आली की पेन घ्या आणि आपल्या गटाचे तीन आकडे वेगळे लिहा. भौतिक, रसायन, जीवशास्त्र यांत लेखी ७० आणि प्रात्यक्षिक ३०. गणितात ८० आणि २०. प्रात्यक्षिकाचे गुण या बेरजेत धरतात, त्यामुळे “प्रॅक्टिकल तर देतेच सर” म्हणून त्याकडे पाठ फिरवू नका. नीटच्या मुलांनीही हीच बेरीज भौतिक, रसायन, जीवशास्त्राची करायची. तिथे खुल्यांना ५० टक्के लागतात, राखीवांना ४०.

बेरीज काठावर अडकली तर बोर्डाकडे गुणपडताळणी मागता येते. पुनर्मूल्यांकन हवं असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत घ्यावी लागते, आणि ती हाती पडल्यापासून पाच कामाच्या दिवसांत अर्ज. छायाप्रत विषयाच्या जाणत्या शिक्षकाला दाखवा, नुसत्या आशेवर पैसे भरू नका. नाहीतर पुरवणी परीक्षा किंवा श्रेणीसुधार आहेच.

पायरी ३: पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हे

८५ पर्सेंटाइल म्हणजे १०० पैकी ८५ गुण, असा समज गावोगाव आहे. तसं नाही. तुमच्या पाळीत पेपर दिलेल्या शंभरातल्या ८५ जणांना तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण पडले, एवढाच त्याचा अर्थ. सीईटी अनेक दिवस, अनेक पाळ्यांत होते. एखादा पेपर अवघड तर एखादा सोपा. म्हणून गुणांची थेट तुलना न करता प्रत्येक पाळीतलं स्थान पाहतात. अवघड पाळीत २०० पैकी ९० गुणांवर जे पर्सेंटाइल येतं, ते सोप्या पाळीत १०० वर येऊ शकतं. शेजारच्या पोराचे गुण विचारून रडायचं कारण नाही.

पीसीएम (भौतिक, रसायन, गणित) आणि पीसीबी (भौतिक, रसायन, जीवशास्त्र) या दोन गटांचे पर्सेंटाइल वेगवेगळे. पीसीबीच्या ९२ वर अभियांत्रिकी मिळत नाही. फार्मसीत मात्र दोन्ही चालतात. पेपरात गणिताच्या प्रश्नाला दोन गुण, बाकीच्यांना एक. दोघांचं पर्सेंटाइल सारखं आलं तर आधी गणित पाहतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नका. नीटमध्ये उलट: बरोबरला चार, चुकल्यास एक वजा, एकूण ७२०.

पायरी ४: कागद, आणि ते अकरावीपासून

यासाठी वेळ काढाच. संगणक तुमचं पोरगं पाहत नाही, अपलोड केलेला कागद पाहतो.

जातीचा दाखला उपविभागीय अधिकाऱ्याकडून मिळतो, सेतू केंद्रातून अर्ज होतो. इथवर बहुतेकांना माहीत असतं. पण व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेला जात वैधता प्रमाणपत्रही लागतं, आणि त्याला महिने जातात. त्यासाठी जुना पुरावा हवा: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, जमातीला ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गाला १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. म्हणजे आजोबांच्या, कधी पणजोबांच्या शाळेचा दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा, नाहीतर कोतवाल पंजी (गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही) किंवा जुना अधिकार अभिलेख. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर त्यांच्या भावाचं, चुलत्याचं नाव शोधा आणि वंशावळ जोडा. एका आजोबांचं नाव रजिस्टरला ‘किसन्या’ आणि सातबाऱ्यावर ‘किसन’ होतं. त्या ‘न्या’साठी पोरीच्या बापाने तहसीलच्या सहा चकरा मारल्या, ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत. अकरावीतच अर्ज केला होता म्हणून निभावलं. अर्जाच्या पावतीवर प्रवेश देऊन प्रमाणपत्रासाठी मुदत मिळते, असं काही वर्षी झालंय. त्या भरवशावर राहू नका.

नॉन-क्रीमी लेअर, म्हणजे उन्नत गटात मोडत नसल्याचं प्रमाणपत्र, ओबीसी, विमुक्त-भटके, विशेष मागास आणि एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) यांना लागतं. अनुसूचित जाती-जमातींना नाही. त्यावरची मुदत पाहा. प्रवेशाच्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत ते चालू असलं पाहिजे. माझ्याच पुतण्याचं प्रमाणपत्र त्याआधी संपत होतं, आणि ते माझ्या नजरेतून सुटलं. मी इतरांना शिकवत बसलो होतो.

आणखी एक खाच: राज्याचा आणि केंद्राचा नमुना वेगळा. व्हीएनआयटी किंवा नीटच्या अखिल भारतीय जागांसाठी ओबीसी आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) दाखला केंद्राच्या नमुन्यात हवा. दिग्रस-पुसदकडचा बंजारा मुलगा राज्यात विजे-अ (विमुक्त जाती), पण केंद्राच्या यादीत ओबीसी. दोन्ही कागद वेळेत काढून ठेवा.

वैद्यकीयच्या राज्य कोट्यासाठी, काही अपवाद सोडले तर, दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून हवीत आणि अधिवास दाखला हवा. गोंदियाची पोरं बालाघाटला आणि राजुऱ्याकडची आदिलाबादला राहून शिकतात, त्यांच्या पालकांनी हे आधीच लक्षात घ्यावं. आणि “वैद्यकीयला आपल्याले विदर्भाचा कोटा हाये” हे आता विसरा; ७० टक्के जागा विभागातल्या मुलांना ठेवणारा तो ७०:३० चा नियम २०२० साली रद्द झाला. अभियांत्रिकीत मात्र बारावी कुठल्या विद्यापीठाच्या हद्दीत झाली हे अजून पाहतात.

नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेवर, आधारवर आणि बँकेच्या पासबुकात एकच करून घ्या. अर्ज तपासणीत काही चूक निघाली तर तो दुरुस्तीसाठी परत येतो आणि तसा मेसेज येतो. शेतात रेंज नसते, मेसेज दोन दिवसांनी वाचला जातो, तोवर मुदत संपते. म्हणून तपासणीच्या दिवसांत रोज एकदा स्वतःच लॉगिन करून पाहायचं. सायबर कॅफेवाल्याचा नंबर अर्जात टाकू नका. ओटीपी त्याच्याकडे जातो, आणि तो त्या दिवशी लग्नाला गेलेला असतो.

पायरी ५: खेळ, एनसीसी, चित्रकला यांचं काय

थोडक्यात: अभियांत्रिकीच्या केंद्रीय यादीत ट्रॉफ्यांना वजन नाही. खेळाचे सवलतीचे गुण बोर्ड देतं, ते बारावीच्या निकालात मिळतात. प्रस्ताव परीक्षेच्या काळातच शाळेमार्फत क्रीडा अधिकाऱ्याकडे जावा लागतो, निकालानंतर काही होत नाही. बीएच्या प्रवेशाला किंवा काठावरच्या टक्क्यांना त्याचा उपयोग. कृषी प्रवेशात शेतकरी कुटुंबाच्या सातबाऱ्याला अधिभार, म्हणजे जादा गुण, देण्याची पद्धत राहिली आहे. त्या वर्षीच्या माहिती पुस्तिकेत तो भाग आधी वाचा आणि बापाच्या नावाचा ताजा उतारा काढा. जमीन अजून आजोबांच्याच नावावर असेल तर फेरफाराचं काम अकरावीतच सुरू करा.

पायरी ६: पसंतीक्रम भरताना

मागच्या वर्षीची कटऑफ यादी उघडली की ‘जीओबीसीएच’ असले शब्द दिसतात आणि माणूस मोबाइल बंद करतो. तोडून वाचा. सुरुवातीचा ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण, ‘एल’ म्हणजे मुलींची जागा. मधला भाग प्रवर्ग. शेवटचा ‘एच’ म्हणजे आपल्या विद्यापीठ क्षेत्राची जागा, ‘ओ’ म्हणजे बाहेरच्यांची, ‘एस’ म्हणजे राज्यस्तरीय. यवतमाळच्या ओबीसी मुलीने अमरावतीच्या शासकीय अभियांत्रिकीसाठी (ते स्वायत्त, म्हणून जागा राज्यस्तरीय) ‘जीओबीसीएस’ आणि ‘एलओबीसीएस’ दोन्ही पाहायचे, शिवाय खुल्या प्रवर्गाचेही, कारण गुण चांगले असतील तर ती खुल्यातूनही येते.

क्रम इच्छेप्रमाणे लावा, “मिळेल का” या भीतीने नाही. वरच्या क्रमांकावर अवघड महाविद्यालय टाकल्याने खालच्याची संधी कमी होत नाही. पण पहिल्या क्रमांकाची जागा पहिल्याच फेरीत मिळाली तर ती आपोआप पक्की होते. ती नाकारली तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या क्रमांकावर तेच लिहा जिथे उद्या बॅग घेऊन जाल. अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर या शासकीय महाविद्यालयांचं शुल्क आणि खासगीचं शुल्क शेजारी-शेजारी लिहून मगच क्रम ठरवा. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमाचं शिक्षण शुल्क २०२४-२५पासून पूर्ण माफ आहे, पण महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर अर्ज केला तरच. वसतिगृह आणि मेसचा खर्च वेगळा राहतो.

जागा मिळाली की संकेतस्थळावर ती स्वीकारायची आणि मुदतीत महाविद्यालयात हजर व्हायचं. मूळ टीसी तिथे जमा होते आणि सहजासहजी परत मिळत नाही. जाण्याआधी तिच्या दहा झेरॉक्स काढा, मोबाइलमध्ये फोटो घ्या, आणि जमा केल्याची सही-शिक्क्याची पोच मागा.