साक्षीभाव प्रॅक्टिसमध्ये आणायचा कसा

तुरीय, म्हणजे 'चौथं', म्हटलं की बऱ्याच जणांना वाटतं की तासन्‌तास ध्यान करून कुठेतरी वर पोचायचंय, मग प्रकाश वगैरे दिसणार. मांडूक्य उपनिषद उघडून बघा, जेमतेम १२ मंत्र आहेत. जागृती, स्वप्न, सुषुप्ती म्हणजे गाढ झोप अशा तीन अवस्था सांगून झाल्या की सातव्या मंत्रात चौथं येतं आणि तिथे बहुतेक सगळं 'हे नाही, ते नाही' असंच आहे. अद्वैत वेदान्तवाले म्हणतात ती वेगळी चौथी अवस्था नाहीच, तिन्ही अवस्था ज्याच्यासमोर येतात-जातात तो साक्षी. म्हणजे आत्ता जागे आहात ना, मग इथूनच सुरुवात करायची.

आरामात बसा, खुर्ची चालेल. आधी बाहेरचे आवाज ऐका. मग चष्मा असेल तर काढा, समोरचं धूसर झालं हे तुम्हाला कळतंय, म्हणजे डोळा बघणारा असला तरी त्याचा कमीजास्तपणासुद्धा कुणाला तरी दिसतोय. तसंच मनाचं, आज मन चिडचिडं आहे हेही कळतंच की. जे जे कळतंय ते 'दृश्य' या खात्यात टाकत जायचं, दृग्-दृश्य विवेक, म्हणजे बघणारा आणि दिसणारं वेगळं ओळखणं, म्हणतात तो हाच, फार काही अवघड नाहीये.

आता पाच मिनिटांत नाकाला खाज येणार, हमखास येते. लगेच हात उचलू नका. नीट बघितलं तर तिथे तीन गोष्टी आहेत, नाकाच्या शेंड्यावरची चुणचुण, हात न्यायची ओढ, आणि 'आत्ताच कशाला आली ही' असा वैताग. तिन्ही वेगवेगळ्या कळतात, कमीजास्त होतात. बघून झालं की खुशाल खाजवा, साक्षीभाव म्हणजे सहनशक्तीची परीक्षा नाही.

खरी गडबड पुढे होते. मन म्हणतं, 'वा, मी साक्षी झालो'. अहो, हाही विचारच, टाका दृश्यात! मग काही जण त्या बघणाऱ्यालाच शोधायला मागे वळतात आणि त्याच्यामागे कोण, त्याच्यामागे कोण करत डोकं धरून बसतात. बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य ऋषी प्रश्न विचारणाऱ्या उषस्ताला स्पष्ट सांगतात की दृष्टीच्या द्रष्ट्याला तू बघू शकणार नाहीस. त्यामुळे शोध सोडून द्यायचा आणि नुसतं बसायचं, बस.

झोपेचा प्रयोगही करा. सकाळी जाग आली की कामं आठवायच्या आधी एखादा क्षण थांबा. 'छान झोप लागली, काहीच कळलं नाही' असं आपण म्हणतो, पण मग ते 'काहीच नाही' कुणाला माहीत होतं? वेदान्तात हा मुद्दा फार वापरतात आणि मला तरी तो अजून पचायला जड जातो, पण वाचून सोडण्यापेक्षा त्या क्षणी तपासलेला बरा.

या बसण्यातले अडथळे वेदान्तात चार सांगितलेत. लय म्हणजे पेंग, तेव्हा पाठ ताठ करा, डोळे उघडा. विक्षेप म्हणजे भटकणं, शांतपणे परत आणा. कषाय म्हणजे आतल्या जुन्या वासनांनी मन जड होऊन अडकतं, ते ओळखा आणि घाई करू नका. चौथा रसास्वाद, हा सगळ्यात चिवट, कारण तो अडथळा वाटतच नाही. मस्त शांत वाटलं की दुसऱ्या दिवशी माणूस तेच मागत बसतो आणि मिळालं नाही की खट्टू होतो. गौडपादाचार्यांनी मांडूक्यावरच्या कारिकांत, म्हणजे श्लोकांत, सांगितलंय, त्या सुखाची चव घेत बसू नका. शांतता आली तीही दिसली, गेली तेही दिसलं, एवढंच. योगसूत्रातल्या सवितर्क (स्थूल विषयावरची), सविचार (सूक्ष्म विषयावरची) वगैरे समाधीच्या पायऱ्यांनाही हाच नियम लावा.

आणि एक, घरच्यांशी बोलणं तुटायला लागलं, काही वाटेनासंच झालं किंवा सगळं खोटं वाटून भीती वाटायला लागली तर त्याला साक्षीभाव समजू नका, प्रॅक्टिस थांबवा आणि डॉक्टरला दाखवा. बाकी भांडणात करून बघा, आवाज चढतोय, छाती धडधडतेय हे बोलता बोलताच लक्षात आलं तरी पुष्कळ झालं.