ट्रक-बस सुरक्षेसाठी अमेरिकी अनुदान: अर्ज कुठे अडतो

अमेरिकेत ट्रक आणि बसच्या सुरक्षेसाठी केंद्राचा पैसा मुख्यतः परिवहन खात्याच्या एफएमसीएसए या ट्रक-बस सुरक्षा पाहणाऱ्या संस्थेमार्फत येतो. त्याच्या वाटा वेगवेगळ्या आहेत आणि चुकीच्या वाटेने केलेला अर्ज कितीही चांगला असला तरी वाया जातो. एमसीसॅप (राज्यांना ट्रक-बस सुरक्षेसाठी मिळणारं अनुदान) हा सर्वांत मोठा निधी ठरलेल्या सूत्रानुसार वाटला जातो, तोही राज्याने नेमलेल्या प्रमुख यंत्रणेलाच. शहर पोलीस, काउंटी किंवा ना-नफा संस्थेने ‘हाय प्रायॉरिटी’ अनुदान पाहावं. चालक-प्रशिक्षण संस्थांसाठी वेगळं अनुदान आहे, त्यात आजी-माजी सैनिकांना प्राधान्य असतं. ट्रक कंपनीला आपल्याच गाड्यांवर कॅमेरे बसवायचे असतील, तर हे दार तिच्यासाठी नाही.

नोंदणी आधी, कल्पना नंतर

अर्जाची सूचना निघण्याची वाट न पाहता सॅम डॉट गव्ह या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावर संस्थेची नोंदणी करा. ती मोफत असते; पैसे मागणारे मध्यस्थ बरेच भेटतात, त्यांच्या नादी लागू नका. इथे 12 अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक मिळतो. संस्थेचं नाव किंवा पत्ता कायदेशीर कागदांशी तंतोतंत जुळला नाही की पडताळणी आठवडेच्या आठवडे रेंगाळते. नोंदणीचं दरवर्षी नूतनीकरण लागतं. ऐन मुदतीत ती संपलेली निघणं ही अगदी नेहमीची फजिती.

समस्या आकड्यांत मांडा

‘आमच्या भागात अपघात फार होतात’ या वाक्याला गुण मिळत नाहीत. कोणता रस्ता, कोणता पट्टा, कोणते तास, कशामुळे, हे सांगा. मृत्यू झालेल्या अपघातांसाठी फार्स ही राष्ट्रीय नोंद आहे. अपघातानंतर 30 दिवसांत मृत्यू झाला तरच तो त्यात धरतात. स्थानिक पोलिसांचे आकडे घेताना एक खाचखळगा सांभाळा: त्यांच्या नोंदीत ‘ट्रक’ म्हणजे पिकअपही असू शकतो. मालवाहू गाडी व्यावसायिक ठरण्याची वजनाची केंद्रीय रेषा 10,001 पाउंड. ती गाळणी लावली नाही तर आकडा फुगतो, आणि परीक्षकाला ते पहिल्या पानावरच कळतं.

उपायही कारणाला धरूनच हवा. अपघात वेगामुळे होत असतील आणि तुम्ही वजनकाटे मागत असाल, तर अर्ज तिथेच मोडला. गाड्यांची तपासणी करायची असेल तर प्रमाणित निरीक्षक लागतात. लेव्हल 1 म्हणजे गाडी आणि चालक दोन्हींच्या पूर्ण तपासणीचे 37 टप्पे कुणीही साधा वाहतूक पोलीस करू शकत नाही. मनुष्यबळ नसेल तर वेग आणि लेन तोडण्यावरची कारवाई मागा. दोन्ही बाबतींत राज्याच्या प्रमुख यंत्रणेशी आधीच बोलून तिचं पत्र जोडा, कारण तुमचं काम तिच्या सुरक्षा आराखड्याशी जुळायला हवं.

अंदाजपत्रक

खरी कत्तल इथे होते. ‘जादा कामाचा भत्ता: 14,400 डॉलर’ एवढंच लिहू नका. फोड दाखवा: 2 अधिकारी, दर पाळीला 4 तास, 30 पाळ्या, म्हणजे 240 तास, ताशी 60 डॉलर, एकूण 14,400. वेतनाशी निगडित खर्च वेगळ्या ओळीत घ्या. जादा तासांवर आरोग्य विम्याचा पूर्ण दर लावला तर प्रश्न येणारच, कारण तो विमा नियमित पगारातून आधीच भरला जातो.

खर्चाचा काही हिस्सा संस्थेला स्वतः घालावा लागतो, आणि त्याचं गणित हमखास चुकतं. समजा सूचनेत केंद्र आणि संस्था यांचं प्रमाण 85:15 आहे आणि केंद्राकडून 1,70,000 डॉलर हवे आहेत. पुष्कळ जण 1,70,000 चे 15 टक्के काढून 25,500 लिहितात. हिस्सा मात्र एकूण खर्चावर मोजायचा असतो: 1,70,000 भागिले 0.85, म्हणजे 2,00,000. तुमचा वाटा 30,000. दुसऱ्या कुठल्या केंद्रीय अनुदानाचे पैसे या वाट्यात सहसा धरता येत नाहीत. जे काम तुमच्या नेहमीच्या निधीतून आधीच चालू आहे, तेही या पैशावर ढकलता येत नाही.

अर्ज पाठवताना

ग्रँट्स डॉट गव्ह या अर्जाच्या संकेतस्थळावर शेवटच्या दिवसाआधी किमान तीन दिवस अर्ज चढवा. ‘मिळाला’ असा ईमेल आला म्हणजे काम झालं असं नाही. त्यानंतर ‘तपासून ग्राह्य’ असा दुसरा ईमेल यावा लागतो. फाइलच्या नावात विचित्र चिन्हं असली किंवा नाव 50 अक्षरांहून लांब झालं, एवढ्यावरही अर्ज परत येऊ शकतो. शिवाय सही करणाऱ्या व्यक्तीला संस्थेने प्रणालीत अधिकृत केलेलं हवं.

मंजुरीनंतर पैसे बहुधा खर्च केल्यावर परतावा म्हणून मिळतात, तेव्हा काही महिने हात आखडणार नाही एवढी सोय ठेवा. करारावर सह्या होण्याआधीचा खर्च परवानगीशिवाय मागू नका. तिमाही अहवाल तिमाही संपल्यापासून 30 दिवसांत द्यायचा असतो, आणि त्यात तास, थांबवलेल्या गाड्या, दिलेली चलनं अशा त्याच बाबींचे आकडे यावेत ज्या अर्जात कबूल केल्या होत्या. म्हणून कामाच्या पहिल्या पाळीपासूनच प्रत्येक अधिकाऱ्याकडून तारीख, तास आणि ठिकाण लिहिलेला तक्ता सहीसह घ्या. अखेरच्या आर्थिक अहवालानंतर ही कागदपत्रं निदान 3 वर्षं सांभाळावी लागतात.