फ्लॅटमधल्या मांजराला वर चढायला जागा कशी करून द्यायची

मांजर फ्रीजवर चढलं, कपाटावर चढलं म्हणून ओरडून काही होत नाही, त्याला उंचावर बसून खालचं सगळं बघायचंच असतं, आणि पाहुण्यांची पोरं आली की लपायलाही तीच जागा लागते. आपण फक्त वर जायचा रस्ता करून द्यायचा. रस्ता म्हणतेय हं, नुसती एक फळी ठोकली की ती धूळ खात पडते.

भाड्याचं घर असेल तर भिंतीला हात न लावता पण जमतं. स्टूल, त्यावरून शिलाई मशीन, तिथून कपाटाचा माथा, आणि माथ्यावर जुनी चादर, झालं. फक्त स्टूल डगमगता कामा नये, एकदा हललं की मांजर परत त्यावर पाय ठेवत नाही.

स्वतःचं घर असेल तर सुताराकडून १८ एमएम प्लायचे उरलेले तुकडे आणा, १० ते १२ इंच रुंद आणि दीड-दोन फूट लांब. एकाच्या डोक्यावर एक नको, जिन्यासारखं तिरकं लावा, दोन फळ्यांच्या उंचीत फूट-सव्वा फुटाचा फरक पुरतो, म्हातारं मांजर असेल तर अजून कमी ठेवा कारण त्यांना चढण्यापेक्षा उतरताना जास्त त्रास होतो. वर सनमायका अजिबात नको, पाय घसरतो, जुनी योगा मॅट कापून चिकटवा.

आता भिंत. मी इथेच माती खाल्ली. नवीन बिल्डिंगमध्ये त्या पांढऱ्या हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, मी साधी प्लास्टिकची गिट्टी (स्क्रू घट्ट बसावा म्हणून भोकात घालतात ती) घालून एल अँगल बसवले, आणि तिसऱ्या दिवशी आमचा पाच किलोचा बोका फळीसकट खाली. लागलं काही नाही, पण पुढे पंधरा दिवस तो त्या भिंतीकडे फिरकला नाही. त्या ब्लॉकसाठी वेगळी गिट्टी मिळते, हार्डवेअरवाल्याला भिंत कसली आहे ते सांगून घ्या, आणि बसवल्यावर दहा किलोची तांदळाची पिशवी रात्रभर फळीवर ठेवून बघा. मांजर नुसतं बसत नाही, उडी मारून आदळतं, म्हणून वजनाच्या दुप्पट धरायचं.

सीलिंग फॅन विसरू नका!! वरच्या फळीवरून उडी मारून पात्यापर्यंत पोचता येईल अशी जागा बादच करा, मग भिंत कितीही छान असो.

दोन मांजरं असतील तर वर जायला एक आणि उतरायला दुसरी वाट हवीच, नाहीतर एक जण तोंडाशी बसून दुसऱ्याला कोंडून ठेवतो.

सगळ्यात आवडती जागा खिडकीची, ऊन येतं आणि समोर कबुतरं. पण ग्रिलवर भरवसा नको, डोकं गेलं की बहुतेकदा अंगही जातं. मच्छरजाळी नखांनी फाटते, ताठ ओढून बसवलेली स्टीलची जाळी लावा, मगच फळी.

नवीन फळीवर मांजराला उचलून ठेवू नका, घाबरतं. खाऊचे दोन दाणे पहिल्या पायरीवर, दुसऱ्या दिवशी दुसरीवर, आणि वर आपला न धुतलेला टीशर्ट. आमच्याकडे चार दिवस लागले.

आणि देव्हाऱ्याच्या वर फळी घेऊ नका, केस थेट निरांजनात पडतात आणि मग सासूबाईंना उत्तर तुम्हालाच द्यावं लागतं.