हॉरर शॉर्टफिल्म करताय? जॉनर ठरवताना या चुका टाळा

कॉलेजच्या प्रोजेक्टला हॉरर करायचं ठरलं की पहिल्याच मीटिंगमध्ये कुणीतरी म्हणतंच, "एखादा पडका वाडा शोधूया." माझ्या मते सगळी गडबड इथेच सुरू होते. सेकंड इयरला आम्हीही हेच केलं. कर्जतच्या पुढे एक जुनं घर मिळालं, मग जनरेटरचं भाडं, टेम्पो, सात जणांचं जेवण, यातच निम्मे पैसे संपले आणि दोन रात्री जागून हातात काय, तर दार करकरण्याचे शॉट. आमच्यातलं कुणी वाड्यात राहिलेलंच नव्हतं, मग तिथे नेमकं कशाला घाबरायचं हे कळणार कसं?

म्हणजे आधी जॉनर आणि मग भीती शोधायची, ही सगळ्यात मोठी चूक. सायकॉलॉजिकल (मनातली भीती), स्लॅशर (एकेकाला मारत सुटलेला खुनी), फाउंड फुटेज (जणू कुणाचं तरी सापडलेलं रेकॉर्डिंग) ही हॉररच्या प्रकारांची नावं नंतर बघा. आधी टीममधल्या प्रत्येकाने वहीत लिहा, मला कधी, कुठे, कशाची भीती वाटली होती. आमच्या एका मैत्रिणीने लिहिलं, त्यांच्या लालबागच्या चाळीत पहाटे साडेचारला पाणी येतं, शेजारच्या आजी वारल्या, खोलीला कुलूप लागलं, तरी त्यांच्या दाराबाहेरचं पिंप रोज सकाळी भरलेलंच असायचं. कोण भरतं हे विचारायची तिची हिंमत झाली नाही. बास, पुढची फिल्म हीच! कॉमन गॅलरी, एक पिवळा बल्ब, कुलूप आणि पिंप. लोकेशन फुकट, जॉनर आपोआप ठरला आणि भूत दाखवायची गरजच पडली नाही.

दुसरी चूक म्हणजे इन्स्पिरेशनच्या नावाखाली दुसऱ्यांचे दचकवणारे सीन उचलणं. सिनेमे बघा, भरपूर बघा, पण ते का चाललं हे शोधा. 'पॅरानॉर्मल ॲक्टिव्हिटी' ओरेन पेलीने स्वतःच्याच घरात साधारण १५ हजार डॉलरमध्ये शूट केला. त्यातून सगळे रात्रीचा निळा रंग उचलतात, खरी गंमत आहे ती न हलणाऱ्या कॅमेऱ्यात, बराच वेळ काहीच होत नाही म्हणून आपण फ्रेमचा कोपरान् कोपरा तपासत बसतो. राम गोपाल वर्माचा २००३चा 'भूत' पण मुंबईतल्या उंच बिल्डिंगच्या फ्लॅटमध्येच घडतो.

आणि आपल्याकडची भुतं घेताय तर प्लीज सगळ्यांना पांढरी साडी नेसवू नका. मुंज्या म्हणजे मुंज झालेला आणि लग्नाआधीच गेलेला मुलगा, पिंपळावर राहणारा, त्याचं काहीतरी अर्धवट राहिलंय, हे सोडलं तर त्याच्यात उरतं काय? चकवा तर स्टुडंट फिल्मसाठी सोनं आहे, तो दिसतच नाही, रात्री वाट चुकवून फिरवून फिरवून त्याच जागी आणतो. ना मेकअप ना व्हीएफएक्स, फक्त एक मुलगा आणि परत परत समोर येणारी तीच बंद पानटपरी. नावं गूगलवर मिळतील, बारकावे मात्र गावच्या काकांना फोन केल्यावरच मिळतात.

शेवटच्या लोकलमधली कथा सुचली असेल तर रेल्वेची परवानगी लागते हे लिहायच्या आधीच लक्षात घ्या.

सीन होऊनही भीती वाटत नसेल तर डोळे मिटून फक्त ऐका, बहुतेक वेळा लोचा आवाजात असतो. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प करून अर्धा-एक मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड करा, एडिटिंगमध्ये आवाजांच्या मधल्या फटी भरायला ती लागते. पिंपाचा आवाज घ्यायला आम्ही खरंच पहाटे साडेचारला गेलो. पिंप भरत येतं तसा पाण्याचा आवाज बारीक होत वर चढत जातो, तो घेत होतो. पिंप भरून वाहायला लागलं आणि आतल्या खोलीतून एका काकूंनी झोपेतच हाक मारली, "आजी, नळ बंद करा, भरलं हो!" तो टेक आम्ही तसाच ठेवला.