"गेम चालत नाही" याऐवजी काय लिहावं, आणि त्याला उत्तर काय द्यावं

इच.आयओ किंवा न्यूग्राउंड्स या ब्राउझरमध्ये गेम खेळायच्या साइटवरचा छोटा गेम बहुतेक वेळा एकट्यादुकट्याने बनवलेला असतो. बनवणाऱ्याकडे टेस्टिंगची टीम नसते. गेम त्याच्या लॅपटॉपवर, त्याच्या ब्राउझरवर, त्याच्या कीबोर्डवर नीट चाललेला असतो. बाकीच्या जगात त्याचं काय होतं, हे त्याला फक्त खेळणाऱ्यांच्या कमेंटमधून कळतं. म्हणून चांगली कमेंट ही त्या गेमवर केलेली खरीखुरी मेहनत असते. ती लिहायची एक रीत आहे, तशी तिला उत्तर द्यायचीही आहे.

कमेंट लिहिण्याआधी पाच मिनिटं

आधी गेमच्या चौकटीत एकदा क्लिक करा. गेम आयफ्रेममध्ये, म्हणजे पानात बसवलेल्या वेगळ्या चौकटीत, चालतो आणि क्लिक होईपर्यंत कीबोर्डची बटणं बाहेरच्या पानाकडे जातात. "बटणं चालत नाहीत" यातल्या बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. मग कंट्रोल-शिफ्ट-आर दाबून पान नव्याने उघडा, कारण ब्राउझरने जुनं बिल्ड, म्हणजे गेमची आधी चढवलेली प्रत, साठवून ठेवलेलं असू शकतं. तरीही अडचण राहिली तर प्रायव्हेट विंडोत उघडून पाहा. तिथे गेम चालला तर दोष एखाद्या एक्स्टेन्शनचा किंवा साठलेल्या जुन्या डेटाचा असण्याची शक्यता मोठी, आणि एवढं लिहिलंत तरी डेव्हलपरचं अर्धं काम होतं. शेवटी दुसरा ब्राउझर.

एक काळजी घ्या: वैतागून साइटचा डेटा पुसू नका. तुमचा सेव्ह त्यातच असतो, आणि बग शोधायला तोच सेव्ह लागतो.

कमेंटमध्ये काय हवं

काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं. त्याखाली ऑपरेटिंग सिस्टीम, ब्राउझर आणि गेमचं व्हर्जन. पुन्हा करून पाहिलं का, किती वेळा झालं, हेही लिहा. उदाहरणार्थ:

"दुसऱ्या लेव्हलला लिफ्टवर उभा असताना दुसऱ्या टॅबवर गेलो. अर्ध्या मिनिटाने परत आलो तर माणूस जमिनीच्या आरपार खाली पडला. तीनदा केलं, तिन्ही वेळा झालं. टॅब बदलला नाही तर होत नाही. विंडोज 11, फायरफॉक्स, गेम 0.3.1."

यातलं "टॅब बदलला नाही तर होत नाही" हे वाक्य सोन्याचं आहे. मागे गेलेल्या टॅबमध्ये ब्राउझर चित्र काढणं थांबवतो. परत आल्यावर गेमला वाटतं की दोन फ्रेममध्ये, म्हणजे लागोपाठच्या दोन चित्रांमध्ये, तीस सेकंद गेले, आणि तो पडण्याचा वेग तीस सेकंदांनी गुणतो. माणूस एका उडीत फरशीच्या पलीकडे पोचतो, मध्ये टक्कर तपासलीच जात नाही. उपाय एका ओळीचा आहे: दोन फ्रेममधला वेळ कितीही आला तरी 50 मिलिसेकंदांच्या वर धरायचा नाही. पण त्या वाक्याशिवाय डेव्हलपर आठवडाभर लिफ्टचा कोड उसवत बसला असता.

गेम मध्येच थिजला किंवा काळी चौकटच दिसत राहिली तर एफ-12 दाबून कन्सोल (ब्राउझर चुका नोंदवतो ती जागा) उघडा आणि लाल अक्षरांतली सगळ्यात वरची ओळ कॉपी करा. खालच्या ओळी बहुधा त्या पहिल्या चुकीचीच पिल्लं असतात. गेम परदेशातल्या कुणाचा असेल तर मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिलं तरी चालतं. वाक्यं छोटी ठेवा आणि कन्सोलची ओळ आहे तशी चिकटवा.

बग नसून गेम आवडला-नावडला याबद्दल लिहायचं असेल तेव्हाही नेमकेपणा लागतोच. "खूप अवघड आहे" यापेक्षा "तिसऱ्या लेव्हलच्या काट्यांवर बारा वेळा मेलो, उडी कुठून मारायची ते दिसत नव्हतं, तिथे सोडून दिला" हे कितीतरी उपयोगी. कुठे सोडलं हे जरूर सांगा. उपाय सुचवायचा तर शेवटी सुचवा. "दुहेरी उडी द्या" एवढंच लिहिलंत तर मूळ अडचण, म्हणजे काटे मागच्या रंगात मिसळून जातात ही, झाकली जाते. आवडलेली एखादी गोष्टही नाव घेऊन लिहा, नाहीतर पुढच्या दुरुस्तीत तीच काढून टाकली जाऊ शकते.

जॅममधल्या, म्हणजे ठरलेल्या वेळेत किंवा मर्यादेत गेम करायच्या स्पर्धेतल्या, गेमला वेगळी फूटपट्टी लावा. लुडम डेअर या जॅमच्या कॉम्पो गटात एकट्याने 48 तासांत गेम करायचा असतो. जेएस13के गेम्समध्ये अख्खा गेम झिप करून 13 केबीत बसवावा लागतो. तिथे "संगीत का नाही" हा प्रश्न गैरलागू आहे. गेम चालू होतो का, काय करायचं ते कळतं का, कल्पना कुठे रंगते, एवढं लिहा.

डेव्हलपरने कमेंट कशी वाचायची

सगळ्यात आधी गेमच्या कोपऱ्यात व्हर्जन नंबर छापा. तो नसला तर जुन्या बिल्डवरची तक्रार आणि नव्यावरची तक्रार वेगळी करता येत नाही, आणि दुरुस्त झालेला बग पुन्हा शोधण्यात संध्याकाळ जाते.

खेळणारा सांगतो ते त्याला झालेलं असतंच, कारण मात्र वेगळं असू शकतं. "खूप अवघड" हेच घ्या. तुमचा स्क्रीन 60 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 60 फ्रेम दाखवणारा, त्याचा 144 चा. दर फ्रेमला ठरावीक पिक्सेल सरकवणारा कोड असेल तर त्याच्याकडे अख्खा गेम 2.4 पट वेगाने पळतो. तो बिचारा आपलाच हात कच्चा म्हणून गेम सोडतो. अशा वेळी विचारा: "पहिल्या लेव्हलचा सरकता फळा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला किती सेकंदांत जातो?" तुमच्याकडे चार सेकंद आणि त्याच्याकडे पावणेदोनच्या आसपास असेल तर लेव्हल सोपी करू नका, हालचाल सेकंदांवर बांधा.

कीबोर्डच्या तक्रारींमध्ये मराठी माणसाला हमखास भेटणारी एक आहे. विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट हा मराठी टायपिंगचा कीबोर्ड चालू राहिला असेल तर चालायच्या बटणांपैकी डब्ल्यूच्या जागी "ै", एच्या जागी "ो", एसच्या जागी "े" आणि डीच्या जागी "्" उमटतं. कोडमध्ये बटणाचं अक्षर तपासलं असेल तर माणूस जागचा हलत नाही, बाणांनी मात्र चालतो. फ्रान्समधल्या कीबोर्डवर डब्ल्यू आणि ए यांच्या जागाच वेगळ्या असल्यामुळे तिथेही हीच रड. अक्षराऐवजी बटणाची जागा तपासा: जावास्क्रिप्टच्या कीबोर्ड इव्हेंटमधलं "की" (key) नव्हे, "कोड" (code). दोन्ही तक्रारी एकदम मिटतात. त्याच झटक्यात खाली वाकायला कंट्रोल दिलं असेल तर ते बदला. वाकून पुढे चालताना कंट्रोल-डब्ल्यू दाबलं जातं आणि टॅबच बंद होतो, आणि साध्या खिडकीत ते पानाला अडवता येत नाही. पॉझसाठी एस्केपही नको, फुलस्क्रीनमध्ये ते ब्राउझर स्वतःकडे घेतो.

"आवाज येत नाही" याचं कारण बहुधा एकच: वापरणाऱ्याने क्लिक केल्याशिवाय ब्राउझर आवाज सुरू करू देत नाहीत. सुरुवातीला "खेळा" असं बटण ठेवा आणि त्याच क्लिकवर ऑडिओ जागा करा. आयफोनवाल्याला सायलेंट मोड चालू आहे का ते तपासायला सांगा.

"सेव्ह गेला" ही तक्रार सगळ्यात दुखरी, तिला हलक्यात घेऊ नका. प्रायव्हेट विंडोतला सेव्ह खिडकीबरोबर जातो. सफारी सात दिवस न वापरलेल्या साइटचा स्क्रिप्टने साठवलेला डेटा पुसते. आणि आयफ्रेममधल्या गेमला काही ब्राउझर सेटिंगमध्ये लोकल स्टोरेज (ब्राउझरमधली सेव्ह ठेवायची जागा) वापरूच देत नाहीत. तिथे ट्राय-कॅच, म्हणजे चूक झेलून पुढे जाणारा कोड, नसेल तर गेम काळ्या पडद्यावरच थांबतो. मेनूत "सेव्ह कॉपी करा" आणि "सेव्ह चिकटवा" अशी दोन बटणं दिलीत तर खेळणाऱ्याच्या दहा तासांची राखण होते.

"माझ्याकडे चालतं, इथे चित्रं दिसत नाहीत" असं झालं तर फाइलींची नावं बघा. विंडोजला लहान-मोठ्या अक्षरांचा फरक कळत नाही, सर्व्हरला कळतो. इंडेक्स फाइल झिपच्या सगळ्यात वरच्या पातळीवर हवी, आतल्या फोल्डरमध्ये नको.

गेममध्ये मराठी मजकूर असेल तर "अक्षरं तुटतात" ही कमेंट येण्याची वाट पाहू नका. युनिटी या गेम इंजिनचा मजकूर दाखवणारा टेक्स्टमेशप्रो देवनागरीची जोडाक्षरं स्वतःहून जुळवत नाही. "किल्ला" मधली वेलांटी क नंतर पडते आणि ल्ल चे तुकडे होतात. गोडो 4 हे दुसरं इंजिन किंवा ब्राउझरचा चित्र काढायचा साधा कॅनव्हास नीट दाखवतो. खेळणाऱ्याने इथे स्क्रीनशॉट द्यावा आणि शब्द कसा दिसायला हवा तेही टाइप करावं.

उत्तर

त्याच कमेंटखाली लिहा. आधी तुम्हाला काय समजलं ते एका वाक्यात, मग एकच प्रश्न. पाच प्रश्न विचारले तर एकाचंही उत्तर येत नाही. दुरुस्ती झाली की पुन्हा तिथेच जाऊन सांगा:

"लिफ्टचा बग सापडला. टॅब मागे गेला की वेळेचा हिशेब चुकत होता. 0.3.2 मध्ये दुरुस्त केलाय, पान कंट्रोल-शिफ्ट-आरने उघडा. तीनदा करून पाहिलंत म्हणून लवकर मिळाला."

तारखेचं वचन देऊ नका. "पुढच्या व्हर्जनच्या यादीत घेतलंय" पुरे. सुचवणी नको असेल तर कारणासकट नाही म्हणा: "दुहेरी उडी घातली तर पाचव्या लेव्हलचं कोडंच उरत नाही, पण काट्यांचा रंग बदलतोय." "सूचना वाचल्या नाहीत का?" असं कधीही लिहू नका. सूचना दिसल्या नसतील तर त्यांची जागा चुकली आहे. टोकदार टीका राहू द्या, शिवीगाळ काढून टाका, वाद घालत बसू नका.

एक साधी वही करा: तक्रार, कुठे, व्हर्जन, किती वेगवेगळ्या लोकांची. गेम अडवणारे आणि सेव्ह खाणारे बग एकानेच सांगितले तरी आधी. अवघड-सोप्याच्या बाबतीत मात्र तिघे एकाच जागी अडेपर्यंत थांबा, नाहीतर एकाच्या सवयीपायी सगळी लेव्हल मऊ होते.

नवं बिल्ड चढवण्याआधी जुन्या व्हर्जनचा सेव्ह त्यात उघडून पाहा. सेव्हमध्येच व्हर्जन नंबर लिहिलेला असेल तर जुना सेव्ह ओळखून बदलून घेता येतो. नसेल, तर लिफ्टचा बग दुरुस्त करणाऱ्या अपडेटनेच लोकांचे सेव्ह मोडतात.